आईबाबांना घेऊन मिडवेस्टात तळ्याकाठी केबिन: कुठे घ्यावी, आणि संडास किती लांब?

कृष्णाकाठ | ४ मार्च

मंडळी नमस्कार. आईबाबा जूनअखेरीस मिरजेहून येतायत, सप्टेंबरपर्यंत असतील. शिकागो, नायगारा, न्यूयॉर्क गेल्या खेपेला उरकलं. यंदा बाबांनी फोनवरच सांगितलं, "उंच इमारती आता नकोत." आम्ही डे मॉइनजवळ राहतो, म्हणजे चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. म्हणून डोक्यात आलं की एखाद्या पार्कात तळ्याकाठी केबिन घेऊन दोन-तीन रात्री राहावं. तंबूचा प्रश्नच नाही. बाबा ७२ चे, एक गुडघा बदललेला, मांडी घालून बसणं बंद. आई खणखणीत आहे, पण रात्री एक-दोनदा उठावं लागतं. मुलं ९ आणि ५. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, पाणी दिसलं की माणूस खूश.

स्टेट पार्कची केबिन म्हणजे नक्की काय मिळतं? आत बाथरूम असतं का? स्वयंपाक करता येतो का (आई सलग दोन दिवस बाहेरचं खाणार नाही)? डास? बुकिंग कधी? साइटवर फोटो बघून काही उलगडा होत नाही, सगळ्याच केबिन लाकडी आणि सगळ्याच गोंडस.

टवाळ_टिटवी | ४ मार्च

शीर्षक वाचून धागा उघडला. शेंगदाणे घेऊन बसले आहे.

गोधडी | ४ मार्च

फोटो सोडा, खाली सुविधांची कंटाळवाणी यादी असते ती वाचा. सगळं तिथेच असतं.

आमच्या मिनेसोटात स्टेट पार्कमध्ये कॅम्पर केबिन असतात. एक खोली, बंक बेड, टेबल, बाकं, बहुतेक ठिकाणी वीज आणि हीटर, बाहेर शेकोटीचं लोखंडी कडं. झालं. आत नळ नाही, संडास नाही, आत स्वयंपाकाला मनाई, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं, कुत्रं न्यायचं नाही. मिशिगनच्या मिनी केबिन साधारण याच जातीच्या. तुमच्या आयोवात, तसंच इंडियाना-ओहायोत, बऱ्याच पार्कांत आत बाथरूम, फ्रिज, शेगडी असलेल्या केबिन मिळतात. पण आयोवात साध्या केबिनसुद्धा आहेत, आणि नकाशावर दोन्हींचं चिन्ह सारखंच दिसतं. भाड्यातला फरक बघितला की कोणती कुठली ते लगेच कळतं.

बाबांच्या दृष्टीने बघायचं ते असं: दारापासून संडास किती लांब, वाट डांबरी की खडीची, वाटेत चढ आहे का. पार्कच्या साइटवर कॅम्पग्राउंडचा नकाशा असतो, त्यावर अंतर मोजता येतं. शिवाय संडासातही दोन प्रकार. शॉवरच्या इमारतीतला फ्लशवाला, आणि दुसरा खड्ड्याचा, त्यात पाणी नसतं आणि उन्हाळ्यात दुपारी वास मारतो. आईंना रात्री उठून कुठल्याकडे जावं लागेल ते आधी बघा. बंक बेडवर खालची जागा बाबांना दिली तरी उठताना डोकं वरच्या फळीला लागतं. काही ठिकाणी खालचा बेड डबल असतो, तो बरा.

मिनेसोटात केबिनचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं. म्हणजे आज बसलात तर २ जुलैपर्यंतचं दिसेल. शुक्रवार-शनिवार उघडता क्षणी जातात. सोमवार ते गुरुवार मात्र मनासारखी जागा मिळू शकते. आईबाबा रिटायर आहेत, मुलांना सुट्टी आहे, सुट्टी काय ती तुम्हालाच टाकावी लागेल. टाका. गाडीचा पार्क परमिट भाड्यात धरलेला नसतो, तो वेगळा.

अण्णा_प्रेअरीवाले | ५ मार्च

गोधडीताईंनी सगळं नीट सांगितलंय, पण सगळे स्टेट पार्कापाशीच का थांबतात कळत नाही. आयोवात ९९ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं स्वतःचं कॉन्झर्व्हेशन बोर्ड आहे, १९५५ च्या कायद्याने आलेलं. म्हणजे काउंटीची स्वतःची पार्कं, तळी, केबिन. मोठ्या साइटवर ही दिसतच नाहीत, काउंटी पार्कांची वेगळी साइट आहे. गर्दी निम्मी, आणि फोन उचलणारं माणूस त्याच पार्कात गवत कापणारं असतं. "वडिलांच्या गुडघ्याला त्रास आहे, पायऱ्या कमी असलेली केबिन कुठली?" असं सरळ विचारता येतं. मी विचारतो, ते सांगतात.

तुमच्यासाठी माझं मत: रेड रॉक. तुमच्यापासून पाऊण-एक तास. आयोवातलं सगळ्यात मोठं तळं, डे मॉइन नदीवर धरण बांधून झालेलं. त्याच्या काठावर मॅरियन काउंटीचं कॉर्डोव्हा पार्क आहे, तिथे बाथरूम-स्वयंपाकघर असलेल्या केबिन आहेत. पाण्याच्या जुन्या टाकीचा १०६ फुटांचा मनोरा करून ठेवलाय, मुलं पळत वर जातील, बाबा खाली बाकावर बसतील.

आणि बाबा पाटबंधाऱ्याचे म्हणताय, मग त्यांना धरणच दाखवा की! मातीचं धरण, मध्ये काँक्रीटचा सांडवा आणि दरवाजे. लष्कराच्या इंजिनिअर कोअरने पूरनियंत्रणासाठी बांधलं, १९६९ ला पुरं झालं. वीज मात्र इथे २०२१ पासून तयार होते, म्हणजे धरण झाल्यावर पन्नास वर्षांनी. का, ते बाबा तुम्हाला समजावून सांगतील. बुडिताखाली काही छोटी गावं गेली. रेड रॉक हे त्यातल्याच एकाचं नाव, कॉर्डोव्हाही. कोयनेच्या भागातला माणूस हे ऐकून गप्प बसणार नाही, पुनर्वसन कसं केलं म्हणून विचारेल. धरणाजवळ कोअरचं माहिती केंद्र आहे, तिथे विचारू दे, तुम्ही दुभाषा व्हा.

जवळच पेला गाव आहे, १८४७ साली डच लोकांनी वसवलेलं. नेदरलँड्समध्ये तयार करून आणलेली पवनचक्की आहे, चालू स्थितीतली. बेकरीत इंग्रजी एस आकाराची बदामाची पेस्ट्री मिळते. दुपारी उन्हाचं तिकडे जा, संध्याकाळी तळ्यावर परत.

उत्तरध्रुव | ५ मार्च

अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण रेड रॉकचं पाणी चहासारखं असतं हेही सांगा की! आयुष्यभर धरणं बघितलेल्या माणसाला अमेरिकेत आणून परत धरणच दाखवायचं?

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. हिमयुगातल्या बर्फाने खरवडून ठेवलेली, तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी असलेलीही कितीतरी. ग्लेंडालॉक स्टेट पार्क बघा. तिथल्या ॲनी बॅटल तळ्यात मोटारबोटीला बंदी आहे, मासे शोधायची इलेक्ट्रॉनिक यंत्रंसुद्धा चालत नाहीत. त्यामुळे पहाटे फक्त पाणी आणि लून पक्षी. लूनचं ओरडणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी रडतंय. जून-जुलैत पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात. नाहीतर थेट इटास्का गाठा, मिसिसिपीचा उगम, १८९१ सालचं पार्क. जी नदी खाली मैलभर रुंद होते ती तिथे दगडांवर पाय ठेवत ओलांडता येते. पाटबंधाऱ्याच्या माणसाला याहून मोठं काय दाखवणार?

गोधडी | ५ मार्च

उत्तरध्रुवा, ग्लेंडालॉकवर माझाही जीव आहे. पण तिथे गाडी केबिनपर्यंत जात नाही, सामान हातगाडीवर घालून ढकलत न्यायचं असतं. तुला-मला गंमत वाटते. बदललेला गुडघा, पाच वर्षांचं पोर आणि आईंच्या दोन बॅगा (एकीत नुसती भांडी) घेऊन नाही. शिवाय डे मॉइनहून सहा तासांवर ड्रायव्हिंग.

इटास्का मात्र खरंच विचार करण्यासारखं आहे. तिथे १९०५ चं जुनं डग्लस लॉज आहे, खोल्या आहेत, वेगवेगळ्या तऱ्हेच्या केबिन आहेत, जेवायला जागा आहे. पण मग दोन रात्रींत भागत नाही, निदान चार काढा. आणि वाटेत एक मुक्काम.

अण्णा_प्रेअरीवाले | ५ मार्च

चहासारखं असतं, मान्य. मुलांना डुंबायला नेणार असाल तर आयोवात आधी एक काम करा. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत राज्याचं खातं स्टेट पार्कांच्या बीचवरचं पाणी दर आठवड्याला तपासतं आणि निकाल साइटवर टाकतं. शेतातलं खत वाहून तळ्यात येतं, वर जुलैचं ऊन, की निळं-हिरवं शेवाळ माजतं आणि त्यातलं विष पोटात गेलं तर त्रास होतो. तळ्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखा तवंग दिसला की मुलांना पाण्यात सोडायचं नाही, पाटी असो नसो. स्वच्छ नैसर्गिक तळं आयोवातच हवं असेल तर वेस्ट ओकोबोजी, तीनेक तास. पण ते उन्हाळ्यात जत्रा असते, भाडीही तशीच.

आणि दुसरं, पेलिकन! ऑगस्टअखेर-सप्टेंबरात रेड रॉकवर पांढऱ्या पेलिकनचे थवे उतरतात. लूनवाल्यांनी नोंद घ्यावी.

हॉटेलबरा | ६ मार्च

एक बाळबोध शंका. घरची गादी, एसी, संडास सोडून एवढा खटाटोप कशासाठी? जवळच्या गावात साखळी हॉटेलात दोन खोल्या घ्या, नाश्ता फुकट, दिवसा तळ्यावर जा, रात्री परत या. आमच्या सासऱ्यांना केबिनमध्ये नेलं तर ते पहिल्या रात्री म्हणाले, "आमच्या शेतावरची खोप याहून मोठी होती, आणि तिचं भाडं नव्हतं."

कृष्णाकाठ | ६ मार्च

हॉटेलबरा, तुमच्या सासऱ्यांना दंडवत.

खटाटोप एवढ्यासाठी की गेल्या खेपेला आईबाबा इथे चार महिने होते आणि बहुतेक वेळ सोफ्यावर. आम्ही ऑफिसात, पोरं शाळेत, बाहेर पायी जावं तर फूटपाथ संपतो. हॉटेलात तेच होईल, खोलीत टीव्ही लावून बसतील. मला अशी जागा हवीय जिथे बाबा सकाळी उठून दार उघडतील आणि गाडीची, माझी, कोणाचीच वाट न बघता खुर्ची टाकून बसतील.

नाना_मिशिगनकर | ६ मार्च

हे आवडलं. याच कारणासाठी आम्हीही जातो.

मिशिगनचं थोडक्यात सांगतो, तुम्हाला लांब पडेल पण शिकागो-डेट्रॉइटकडचे वाचतील. बुकिंग सहा महिने आधी उघडतं. लडिंग्टन स्टेट पार्क एका बाजूला हॅमलिन तळं, दुसऱ्या बाजूला लेक मिशिगन असं मध्ये वसलंय, म्हाताऱ्यांनी हॅमलिनला बसावं. मिनी केबिन मोजक्याच, त्यामुळे हाताला लागणं कठीण. लेक मिशिगनला तळं समजू नका, लाटा असतील तेव्हा ओढ असते आणि पोहणारे लोक दरवर्षी बुडतात. शिकागोवाल्यांना माझा सल्ला इंडियानातलं पोटॅटो क्रीक: साउथ बेंडजवळ, बाथरूम-स्वयंपाकघरासकट केबिन, तळ्यावर फक्त विजेच्या मोटारींना परवानगी म्हणून शांत. बाहेरच्या राज्याच्या गाडीला गेटवर जास्त पैसे. ओहायोत स्टेट पार्कांना प्रवेश फीच नाही.

अजून एक. रेड रॉकसारख्या कोअरच्या तळ्यांवर कोअरची स्वतःची कॅम्पग्राउंडंही असतात, त्यांचं बुकिंग केंद्र सरकारच्या साइटवर. तिथे ६२ च्या पुढच्यांना सिनिअर पासवर कॅम्पिंगचं भाडं निम्मं होतं, पण तो पास नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना मिळत नाही. बुकिंग क्लार्कशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं.

चकलीचा_सोऱ्या | ६ मार्च

विस्कॉन्सिनचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. आमच्या राज्यात स्टेट पार्कमध्ये सर्वसामान्यांसाठी केबिन जवळजवळ नाहीतच. ज्या आहेत त्या अपंगांसाठी राखीव, आणि त्या उत्तम आहेत: चाकाची खुर्ची थेट शॉवरमध्ये जाते, हॉस्पिटलसारखा पलंग असतो. मिरर लेक, बकहॉर्न वगैरे ठिकाणी. घरात कोणी खरंच चालू शकत नसेल तर त्यांचा अर्ज भरा, बाकीचं कुटुंब सोबत राहू शकतं. नुसत्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यासाठी मात्र ती जागा अडवू नये असं माझं मत.

मिरर लेकलाच एक भारी गोष्ट आहे. प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने १९५८ मध्ये आराखडा केलेलं एक छोटं दगडी-लाकडी घर, सेथ पीटरसन कॉटेज. पुढे ते पडीक झालं, स्वयंसेवकांनी दुरुस्त केलं आणि १९९२ पासून भाड्याने देतात. तळ्यावरच्या टेकाडावर, भिंतीभर काचा. तारखा खूप आधी जातात, भाडंही तसंच आहे, पण लग्नाच्या वाढदिवसाला आयुष्यात एकदा परवडेल.

जुनी_वही | ७ मार्च

पाटबंधाऱ्याच्या काकांचं वाचून राहवलं नाही. त्यांना बॅकबोन स्टेट पार्कलाही न्या, ईशान्य आयोवात, तुमच्यापासून अडीच-तीन तास. आयोवातलं पहिलं स्टेट पार्क, १९२० चं. तिथे तळं, बंधारा, दगडी बोटघर हे सगळं १९३० च्या दशकातल्या मंदीत सीसीसीच्या पोरांनी उभं केलंय. सीसीसी म्हणजे रूझवेल्टने १९३३ मध्ये काढलेली योजना, १९४२ पर्यंत चालली. सुरुवातीला १८ ते २५ वयाची बेकार, बिनलग्नाची पोरं घेत. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस परस्पर घरी जायचे. झाडं लावली, रस्ते केले, दगड घडवले. मिडवेस्टातल्या किती पार्कांतल्या जुन्या केबिन, पायऱ्या, पाण्याचे हौद त्यांच्या हातचे आहेत बघत गेलं की थक्क व्हायला होतं. पाईन लेकच्या दगडी केबिनही त्यांच्याच. बॅकबोनला या पोरांवरचं छोटं संग्रहालय आहे.

काकांनी ७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं बघितली असतील. पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. माझ्या वडिलांनी तिथल्या बंधाऱ्याचा दगड हाताने चाचपून बघितला आणि जोडाई कशी केलीय यावर पंधरा मिनिटं बोलले. एरवी अमेरिकेत ते फार बोलत नव्हते.

फक्त जुन्या केबिनला उंबरे आणि पायऱ्या असतात. फोन करून विचारा.

भाजणी | ७ मार्च

आता मुद्द्याचं, म्हणजे जेवणाचं.

केबिनमध्ये स्वयंपाकघर असेल तर प्रश्नच मिटला, पण तवा, कुकर, मिसळणाचा डबा घरचाच न्या. तिथल्या तव्यावर पोळी भाजायला गेलात तर कडेने कच्ची राहते. स्वयंपाकघर नसेल तर दोन बर्नरची गॅसची शेगडी आणि हिरवे छोटे सिलिंडर. बाहेरच्या टेबलावर ठेवायची, पडवीत नाही, बंद जागेत तर मुळीच नाही. पहिल्या रात्रीचं घरूनच न्यायचं: दशम्या, दाण्याची चटणी, दही. प्रवासाने दमून जाऊन कांदा चिरत बसू नये. दुसऱ्या दिवशी भाजणी भिजवून थालीपीठं, नाहीतर मुगाची खिचडी. बिडाचा तवा शेकोटीच्या जाळीवर ठेवून थालीपीठ लावलं तर जो खरपूसपणा येतो तो घरच्या इलेक्ट्रिक शेगडीवर येत नाही. आईंना हे सांगा, त्या स्वतःच सूत्रं हातात घेतील.

जुलैच्या मध्यापासून रस्त्याकडेला स्वीट कॉर्नच्या गाड्या लागतात. डझनाने घ्या. निखाऱ्यावर भाजून लिंबू-मीठ-तिखट. बाबा म्हणतील आपल्या कणसासारखं नाही, फार गोड आहे. आणि तीन खातील.

बर्फाची पिशवी कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळते. काहीच जमलं नाही तर केसीज आहेच, आयोवातल्या जेमतेम हजार वस्तीच्या गावातही पंपावर गरम चीज पिझ्झा मिळतो, आणि वरून घालायला तुमच्याकडे ठेचा असतोच. रात्री अन्न बाहेर ठेवू नका. रॅकून कूलरचं झाकण उघडतो, माणसासारखं. उत्तर मिनेसोटा-विस्कॉन्सिनला अस्वलंही आहेत, तिथे सगळं गाडीत.

एक वेळेचं गणित: जूनअखेरीस आयोवात सूर्य पावणेनऊच्या पुढे मावळतो. आईबाबा साडेसातला जेवून आडवे होणार आणि मुलांना शेकोटी अंधारात हवी. दोन पाळ्या धरा. दहा-साडेदहानंतर शांततेचा नियम असतो, तेव्हा कुकरची शिट्टी त्याआधी.

टवाळ_टिटवी | ७ मार्च

एवढ्या लांबलचक धाग्यात एकानेही लिहिलं नाही, म्हणून हे पुण्यकर्म मीच करते. प्लॅस्टिकचा मग न्या. दोन न्या. एक शॉवरच्या इमारतीत विसरणारच आहे.

काढा_चूर्ण | ८ मार्च

टिटवीच्या मगाला अनुमोदन.

डासांपेक्षा गोचिडाची काळजी करा. मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या झाडीत हरणाच्या गोचिडापासून लाइम नावाचा आजार होतो, आयोवातही आहे. लांब गवतात जायचं नाही, फिकट रंगाचे कपडे, पायमोज्यात पँट. परमेथ्रिन (कीटकनाशक) आदल्या दिवशी कपड्यांवर आणि बुटांवर मारून वाळवायचं, अंगावर नाही. अंगाला वीस-तीस टक्के डीटवालं, किडे दूर ठेवणारं औषध. रोज रात्री तपासणी: गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या मुळाशी. आईंच्या केसांत मुलीने बघावं, बाबांचं पाठीचं तुम्ही. सापडला तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचा. रॉकेल, मेणबत्ती असले उपाय नकोत. चोवीस तासांच्या आत निघाला तर लाइमचा धोका फार कमी राहतो. नंतर ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरला तारखेसकट सांगा.

बाबांची औषधं दोन दिवस जास्तीची, प्रिस्क्रिप्शनचा फोटो फोनमध्ये, आणि व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड खिशात. जवळचं हॉस्पिटल कुठे आहे ते निघण्याआधी बघून नकाशा उतरवून घ्या, तळ्याकाठी रेंज असेलच असं नाही. बोटीत बसलात तर लहान मुलांना लाइफ जॅकेट: आयोवात तेराखालच्यांना सक्ती, मिनेसोटात दहाखालच्यांना. आजोबांनाही घाला, ते नको म्हणतील तरी.

अण्णा_प्रेअरीवाले | ८ मार्च

वादळाचं राहिलं. इकडचं उन्हाळी वादळ म्हणजे आपला वळीव नव्हे. १० ऑगस्ट २०२० ला आयोवात जे आलं त्याने भरदुपारी झाडं आणि मक्याची शेतं आडवी केली, सीडर रॅपिड्समध्ये कित्येक दिवस वीज नव्हती. छोट्या केबिनमध्ये टोर्नेडोपासून संरक्षण नसतं. बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये सिमेंट ब्लॉकची शॉवरची इमारत हाच आसरा असतो. पोचल्यावर सामान काढायच्या आधी कॅम्प होस्टला विचारा, भोंगा वाजला तर कुठे जायचं. हे होस्ट म्हणजे उन्हाळाभर तिथेच आरव्हीत (घरासारख्या गाडीत) राहणारी, बहुधा रिटायर झालेली नवराबायको, स्वयंसेवक. त्यांना सगळं माहीत असतं आणि गप्पांना माणूस हवंच असतं. तुमच्या बाबांची आणि त्यांची भाषा जुळणार नाही, तरी धरण म्हटलं की जमेल.

हवामानाचा छोटा रेडिओ मिळतो, तो जवळ ठेवा.

कृष्णाकाठ | १० मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. जुलैत मंगळवार ते शुक्रवार, काउंटी पार्क, रेड रॉक. फोनवरच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की एका केबिनला उतार आहे, पायऱ्या नाहीत, तीच घेतली. जमलं आणि आईला आवडलं तर ऑगस्टअखेरीस इटास्का, लॉजमध्ये, वाटेत एक मुक्काम. उत्तरध्रुव, लून त्या वेळी. बॅकबोन दिवसभरासाठी जाऊन येऊ, बाबांना सीसीसीचं सांगितलं तर ते आत्तापासूनच प्रश्न विचारतायत की दगड कुठल्या खाणीतला.

एकच शेवटचं. आमच्या मागच्या अंगणातलं एक ॲशचं झाड गेल्या वर्षी वाळलं म्हणून तोडलं, त्याच्या ओंडक्यांचा ढीग पडलाय. तो शेकोटीला न्यावा का? तासाभराचाच तर रस्ता आहे.

गोधडी | १० मार्च

नका नेऊ. ॲश वाळला म्हणताय म्हणजे बहुतेक त्या हिरव्या चमकत्या भुंग्यानेच. २००२ मध्ये तो डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून कोट्यवधी झाडं गेली. तो स्वतः फार लांब उडत नाही, लोकांच्या गाडीतल्या लाकडातून राज्यं ओलांडतो. अळ्या सालीखाली असतात, बाहेरून दिसत नाहीत. पार्कातच लाकूड विकत घ्या, होस्टकडे मिळतं, नाहीतर जवळच्या घराबाहेर मोळ्या आणि पैसे टाकायला डबा ठेवलेला असतो. घरचा ढीग घरीच जाळा.

पोहे_पावसाळी | १४ मार्च

उशिरा विचारतेय. आमचे साबा-साबु, म्हणजे सासूबाई-सासरेबुवा, डिसेंबरात येतायत (हो, कोणी सांगितलं होतं, पण तिकिटं स्वस्त होती). तेव्हा या केबिन बंद असतात का? मिनीआपोलिसच्या आसपास एक रात्र तरी बर्फातली दाखवायचीय.

गोधडी | १४ मार्च

मिनेसोटात बऱ्याच कॅम्पर केबिन वर्षभर चालू असतात, हीटरवाल्या. आत खरंच उबदार असतं. पण शॉवरची इमारत थंडीत बहुतेक ठिकाणी बंद, म्हणजे खड्ड्याचा संडास, तोही उणे वीसमध्ये. साबांना हे आधी सांगा, तिथे पोचल्यावर नको. पिण्याचं पाणी घरून कॅनमध्ये न्या. बऱ्याच पार्कांत बर्फावर चालायचे जाळीचे बूट भाड्याने मिळतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत काही ठिकाणी संध्याकाळी वाटेवर मेणबत्त्या लावून चालायचे कार्यक्रम असतात. तारखा पार्कांच्या साइटवर येतात. तळं गोठलेलं दिसलं तरी डिसेंबरात लगेच त्यावर उतरू नका. चालण्यासाठी निदान चार इंच स्वच्छ, पक्का बर्फ हवा असं राज्याचं खातं सांगतं, आणि तो ऑफिसात विचारल्याशिवाय कळत नाही. एक रात्रच घ्या. दुसऱ्या रात्रीचं हॉटेल गावात बुक करून ठेवा, ते रद्द करता येतं.